मोठीच्या पदराची गाठ

शुक्रवार, १२ डिसेंबर

पहाटे थंडीत नळावर पाणी भरून राहिली होती, तिथंच छातीत कळ आली अन् खाली बसली. डॉक्टरनं मागंच सांगितलं, हृदयाची नस साफ आहे, पण मधातच एकदम आवळते. घरच्यांनी फक्त 'साफ' ऐकलं. तेव्हापासून सगळ्यांच्या मते मले गॅस आहे. नवरा ओवा देते. मोठी जाऊ तर पाहुण्यांसमोर म्हणते, "काम दिसलं का हिची छाती दुखते." किती जणांले समजावू? थकली मी.

आज मोठीच धावत आली. माझी गोळी घरात कपाटात होती. तिनं पदराची गाठ सोडली, त्यातून तसलीच गोळी काढली अन् माझ्या जिभेखाली ठेवली. "गिळू नको वं."

त्या गाठीत सुपारी असते, असंच मी समजत होती.

कळ उतरल्यावर विचारलं, "बाई, गोळी काहून बांधून ठेवली?"

"दिवाळीत पडली होती ना तू, तवापासून आहे."

"मंग लोकांसमोर नाटक काहून म्हणता?"

"ते वेगळं."

आता संध्याकाळी भाजी निवडता निवडता म्हणे, "गाठ रिकामी झाली, एक गोळी दे."

मी दोन दिल्या.