काहून काढून राहिली मले?

३ नोव्हेंबर
कराडहून निघताना आई रडली, मी मात्र गाडीत गाणी ऐकत आले! इथे शहराच्या टोकाला, बेसा भागात, दुसऱ्या मजल्यावर छान खोली मिळाली, ऑफिस समोरच्याच गल्लीत. कामही झकास. ग्राहकांचे सर्व्हर कुठल्या कुठे, थंडगार इमारतींत. आपण इथे बसून रिमोट डेस्कटॉपने त्यांच्यात शिरायचं. एका खिडकीत विंडोज, दुसरीत लिनक्स, जणू यंत्रं टेबलावरच आहेत. पियुष सरांनी माझी खुर्ची दाखवली. आधी इथे गोपिका बसायची, म्हणाले. पावसाळ्यात कोराडी रोडवर कोळशाच्या ट्रकने तिच्या स्कूटीला उडवलं, ती जागीच गेली. ऐकून वाईट वाटलं. पण इथला चहा फर्मास आहे, आणि 'का' ऐवजी लोक 'काहून' म्हणतात ते मला फार आवडलं.

७ नोव्हेंबर
एका विंडोज सर्व्हरवर गोपिकाच्या नावाचं खातं अजून शिल्लक दिसलं. नुसतं शिल्लक नाही, त्यातून कुणीतरी आत होतं. मी त्याला बाहेर काढलं. थोड्या वेळाने माउसवर माझा हात नसताना पडद्यावरचा बाण हलला. नोटपॅड उघडलं आणि एकेक अक्षर उमटत गेलं: 'काहून काढून राहिली मले?'
सर म्हणाले, पासवर्ड चोरून कुणीतरी मस्करी करतंय. त्यांनी माझ्यासमोर खातं पुसून टाकलं.

१२ नोव्हेंबर
आज ती, गोपिका, लिनक्सच्या सर्व्हरवर. तिथे तर तिचं खातं कधीच नव्हतं. मी धीर करून विचारलं, काय हवंय?
'आई जेवत नाही. एकदा पाहून ये ना वं.' खाली शहरातल्या नंदनवन वस्तीतला पत्ता.
सरांना न सांगता गेले. तिची आई, वंदनाबाई, खरंच वाळून काटकी झाल्या होत्या. तुमच्या मुलीच्या ऑफिसातली आहे, एवढंच सांगितलं. पिठलं केलं, बळेच चार घास भरवले. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. मला भरून आलं. बरं झालं आले, असं वाटलं.
रिक्षात बसल्यावर लक्षात आलं. बेसनाचा डबा कुठे, कढई कुठे, हे मी विचारलंच नव्हतं.

१६ नोव्हेंबर
दुपारी डबा खाऊन कामाला बसले. पुढचं आठवत नाही. भानावर आले तेव्हा वंदनाबाईंच्या स्वयंपाकघरात कणीक मळत होते. त्या शेजारी पाटावर बसून हसत होत्या. किती दिवसांनी हसल्या असतील.
संध्याकाळी परतल्यावर एका ग्राहकाचा फोन आला. काम करता करता मध्येच पडदा जातो म्हणे. मी नेहमीचं सांगितलं: त्याच खात्यावर दुसरं कुणी आत आलं की पहिला बाहेर फेकला जातो. त्याचं काम आत चालूच राहतं, फक्त त्याला दिसेनासं होतं.
सांगता सांगता उमगलं, हे मी माझंच सांगतेय.

१९ नोव्हेंबर
आईचा फोन. मी बोलत होते आणि ती विचारत होती, कोण बोलतंय? नूपुरला द्या. मी म्हटलं, अगं, मीच. ती घाबरून म्हणाली, माझी मुलगी असं बोलत नाही.
नोकरी सोडली. सरांनी कारणसुद्धा विचारलं नाही. उद्याच निघते—

२० नोव्हेंबर
रिक्षावाल्याला स्टेशन सांगितलं. उतरले तर नंदनवन. तो म्हणाला, ताई, तुम्हीच तर म्हणाल्या.
वंदनाबाई दारातच. मी हात जोडले. म्हटलं, मी नूपुर, मला घरी जाऊ द्या, तुमची मुलगी माझ्यात—
त्या जराही दचकल्या नाहीत. त्यांना ठाऊक होतं. पहिल्या घासापासून ठाऊक होतं.
'मले समजते वं बाई,' त्या म्हणाल्या. 'तुले आई आहे. पण मले बी पोरगी होती.'
माझी बॅग आत ओढली. दाराला आतून कुलूप घातलं.

संध्याकाळ
फोन त्यांच्याकडे. किल्लीही.
लिहीत आहे तोवर मी मीच. थांबायचं नाही—
त्या म्हणतात, थोडी झोप. मी झोपले की ती येते.
आईचा नंबर आठवत नाही. आई कराडला— नाही, आई तर इथं आहे, ताट वाढून राहिली—
मले भूक— नाही. मला. मला. मी नू—