बाबांसाठी नवा फोन

पासिर रिस, सिंगापूर

तीर्थरूप बाबा,
तुम्हाला आणि आईला नमस्कार.

आम्ही तिघं बरी आहोत. कुरिअरने तुम्हाला नवा फोन पाठवलाय. बाजारात नवा फोन आला की त्याचा कॅमेरा, बॅटरी तुम्हीच मला समजावायचात. या वेळी एकट्याने निवडणं जड गेलं. यात माझ्या फोटोवर बोट ठेवलं की मला फोन लागतो.

पक्षाघातानंतर बोलता येत नाही म्हणून तुम्ही फोन टाळता, असं आई म्हणाली. ते ऐकून तुमची नात अवनी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजोबा नो नीड टॉक लाह. मी बोलेन."

उजवा हात आता उचलता येतो का?

इथली मोबाइल कंपनी बदलली, पण तुम्हाला पाठ असलेला नंबर तोच ठेवलाय. फोन करा. नुसता तुमचा श्वास ऐकू आला तरी मला पुरे.

तुमचा,
यशोधन