चमच्यांच्या पाठीवर

मुलुंड, रविवार, ५ नोव्हेंबर १९६७

चमच्या-काट्यांच्या संचातला बारावा काटा आज मिळाला! चोरबाजारात, एका फुटक्या घड्याळाखाली. भिंगातून पाठ तपासली — चालता सिंह, म्हणजे चांदी अस्सल, मुकुट घातलेला बिबट्या, म्हणजे लंडन, वर्षाचे अक्षर, शेवटी कारागिराची आद्याक्षरे. सर्व जुळते. स्वातंत्र्यानंतर आमचे गोरे मॅनेजर विलायतेस परतले, तेव्हा त्यांच्या सामानाच्या लिलावात मी या संचातले सहा चमचे घेतले होते. उरलेले तेव्हापासून एकेक करून शोधले. बारा चमचे, बारा काटे — संच पुरा झाला.

दुपारी सौ. रुक्मिणीसमवेत पुसायला बसलो. दर रविवारचा हा आमचा परिपाठ. मुले आपापल्या संसाराला लागल्यापासून यात खंड नाही. मी पुसतो, शिक्के वाचून दाखवतो. ती प्रत्येक नग फलालीनमध्ये गुंडाळते. नवा काटा उजेडात धरून म्हणाली, "ह्याच्या बिबट्यालाही मुकुट आहे हो. आपल्यातलाच." आणि लगेच टोमणा — "आल्या एकदाच्या सगळ्या सवती घरी!"

बुधवार, ८ नोव्हेंबर

मुंबईच्या कोटातल्या संग्रहालयाचे श्री. दस्तूर यांचा होकार आला. संच ते कायमचा ठेवून घेणार. काचेचे कपाट, आणि शेजारी पाटी — 'श्री. तुळशीदास सामंत, बी. कॉम., यांजकडून.' जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले. कोठे आपले नाव लागले नाही. येथे लागेल.

हिला सांगितले. "सगळेच देणार?" मग थोड्या वेळाने — "आणि रविवारी काय करायचं?"

म्हटले, रविवारी विश्रांती! तुझीही सुटका.

ती भाकरी थापत राहिली.

रविवार, १२ नोव्हेंबर

शेवटचे पुसणे. पेटीला दोरी बांधली. शनिवारी दस्तूर स्वतः न्यायला येणार आहेत.

शनिवार, १८ नोव्हेंबर

घडले ते क्रमाने लिहितो.

दस्तूर आले. चहा झाला. मी दोरी सोडली. त्यांनी पहिला चमचा उलटा केला आणि माझ्याकडे पाहतच राहिले. "सामंत, हे काय? थट्टा करते काय माझी?"

सिंह नव्हता. बिबट्या नव्हता. घासून गुळगुळीत केलेल्या जागी ठिपक्याठिपक्यांनी, तांब्यापितळेच्या भांड्यांवर घालतात तसे नाव — 'रुक्मिणी तुळशीदास सामंत, मुलुंड'. दुसरा पाहिला. तिसरा. काटे पाहिले. सर्वांवर!

ही दारात उभी होती, पदर सावरीत. "मीच घालून आणलं परवा. पाच रस्त्याच्या नाक्यावर बसतो ना कुंडलिक, भांड्यांवर नावं घालणारा, त्याच्याकडून. घरातलं भांडं बाहेर जायचं तर नावाशिवाय कसं पाठवायचं? लग्नकार्यात हरवतात ती बिननावाचीच. आणि ते जुने छाप मध्ये येत होते, म्हणून आधी घासून घेतले."

दस्तूरांनी चमचा अलगद पेटीत ठेवला, टोपी घातली. "बाई, आता हे कोणपण नाय घेणार. तुमचेच झाले." जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला — सांत्वनाला आल्यासारखा!

'अडाणी' हा शब्द ओठांपर्यंत आला. गिळला. इतकी वर्षे शेजारी बसून या बाईला एवढेही कळू नये?

रविवार, १९ नोव्हेंबर

हिने फडके आणून ठेवले. मी वर्तमानपत्र खाली केले नाही.

गुरुवार, २३ नोव्हेंबर

राग निवळतो आहे. त्याची कारणे नोंदवून ठेवतो.

प्रत्येक चमच्याच्या दांड्यावर पुढून एक 'एच' आहे. ते अक्षर कारागिराचे नव्हे. कोणा इंग्रज घरधनिणीने ते मागाहून कोरून घेतलेले असावे. त्याला मी कधी खोट मानले नाही. उलट त्या एका अक्षरावरून ते घर, ते मेज, मेजाभोवतीची माणसे कल्पून दुपारच्या दुपारी घालवल्या. लंडनच्या बाईने नाव घातले तर तो इतिहास, आणि मुलुंडच्या बाईने घातले तर तो अडाणीपणा — हा ताळेबंद जुळत नाही!

काचेआडची पाटी गेली, याचे दुःख आहेच. ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु हिला याविषयी कधीही बोलायचे नाही, असे ठरवले आहे. नेणतेपणी घडले, त्याची शिक्षा काय करायची?

संध्याकाळी खीर होती. म्हटले, त्यातलाच एक चमचा काढ.

तिने चटकन दोन काढले. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तोंडाला लागला हो! जड आहे नाही?"

सोमवार, २७ नोव्हेंबर

कचेरीतून येताना पाच रस्त्यावर कुंडलिकापाशी थांबलो. काम सुबक झाले, एवढेच सांगायचे होते. तो हातोडी ठेवून म्हणाला, "साहेब, मी बाईंना बोललो होतो. म्हटलं, हे छाप घालवू नका, नाहीतर चोरबाजारातसुद्धा कोणी विचारणार नाही. त्या म्हणाल्या, 'म्हणून तर आणलेत.'"