पुस्तिकेचं चौदावं पान

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, फक्त तुझ्या भावोजींची पाठ पुन्हा धरली आहे. औषध घेतात, पण व्यायामाचं नाव काढलं की झोप येते.

तुमच्या डायव्हिंग शाळेने आमच्या कंपनीची सहा नवी जॅकेटं मागवल्याचं यादीत दिसलं. त्यांच्याबरोबर येणारी पुस्तिका मी लिहिली आहे, आठ महिने खपून. सायकल जोडून झाल्यावर उरलेले दोन स्क्रू बाबांना दाखवून, कंपनीने जास्तीचे दिलेत म्हणून सांगणारा तू. तेव्हा तू ती वाचशील अशी मला आशा नाही. तरी निदान चौदावं पान बघ. वजनांच्या खिशांचं काही बदललं आहे.

जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहेच, ती मागावी लागत नाही.
तुझी ताई

२७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

जॅकेटं आली. रंग झकास आहे. तुझी पुस्तिकाही आली आणि मी ती खरंच उघडली, हे लिहून ठेव. सुरुवातीची पानं नुसते इशारे. उन्हात ठेवू नका, आगीजवळ नेऊ नका, लहान मुलांना चावू देऊ नका. चौथ्या पानावर मी हात टेकले. बावीस वर्षं पाण्यात काढलेल्या माणसाला जॅकेट कसं घालायचं हे बहिणीने शिकवावं, म्हणजे कमालच झाली. पुस्तिका सध्या टेबलाच्या खणात आराम करते आहे.

नव्या तुकडीत गणिताचे निवृत्त मास्तर आहेत, एकसष्ट वर्षांचे. जन्मभर खडूची धूळ खाल्ली, आता मासे बघायचेत म्हणतात. इतके प्रश्न विचारतात की बाकीचे वैतागतात. मला मात्र ते आवडतात.

भावोजींना पोहायला लाव. राग नसावा.
तुझा धाकटा

१९ मार्च

ती. ताईस,
नमस्कार. तुझे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. बोलता येणार नाही म्हणून लिहितो.

मास्तर गेले. रविवारी सकाळी, माझ्यासमोर.

चौघांना घेऊन गेलो होतो. लाटा जरा उठल्या होत्या, पण त्यात विशेष काही नव्हतं. मास्तर घाबरले की जोरजोरात श्वास घ्यायचे. सिलिंडरमधली हवा संपत आली तेव्हा मी सगळ्यांना वर आणलं. वर आल्यावर मास्तरांच्या जॅकेटात हवा भरेना, कारण भरायला सिलिंडरमध्ये काही उरलंच नव्हतं. तोंडाने फुंकून भरता येते, पण लाटा तोंडावर आदळत होत्या. अशा वेळी शिशाची वजनं टाकून द्यायची, की माणूस आपोआप तरंगतो. मी शिकवल्याप्रमाणे त्यांनी वजनांच्या खिशाची मूठ धरून सरळ ओढली. ती हलली नाही. मी वीस हातांवर एका घाबरलेल्या बाईला धरून होतो. तिला बोटीला लावून मास्तरांकडे पोचेपर्यंत ते पाण्याखाली जात होते. मी त्यांना धरलं आणि तीच मूठ ओढली. मीही सरळच ओढली, ताई. सगळा जोर लावून. माझ्या जॅकेटाला दोघांचं वजन पेलेना, आम्ही दोघंही खाली जाऊ लागलो, आणि माझ्या हातातून ते निसटले.

संध्याकाळी खण उघडला. मूठ आधी छातीकडे दाबायची, मग खाली ओढायची. दोन ओळी आहेत. वाचायला दहा सेकंदही लागत नाहीत.

चौकशी सुरू आहे. शाळा बंद ठेवली आहे.
धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र भावोजींनी वाचलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मी रोज तुला पत्र लिहायला बसते आणि कागद फाडते. फेब्रुवारीच्या पत्रात व्यायामावर दोन ओळी लिहिल्या, तिथे मूठ दाबायची एवढं लिहायला माझ्या हाताला काय झालं होतं? पान बघ, एवढंच मी म्हणाले. तू बघणार नाहीस हे मला माहीत होतं, तसं लिहिलंही होतं.

आता दुसरं सांगते, ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. छपाईआधी मी ती पुस्तिका आणि जॅकेट तीन डायव्हरांना दिलं. जाणती माणसं. तिघांनीही पहिली पानं भराभर उलटली आणि मूठ सरळ ओढली. मी साहेबांना म्हटलं, हे पहिल्या पानावर हवं, मुठीवरही छापायला हवं. ते म्हणाले, इशारे पुढे राहतील, वकिलांचा तसा आग्रह आहे, आणि छपाई थांबणार नाही. मी थोडी कुरकुर केली आणि सही केली.

आता तेच वकील माझ्याकडून लेखी मागत आहेत की सूचना स्पष्ट होती, चूक वाचणाऱ्याची. महिनाअखेरपर्यंत द्यायचं आहे. भावोजी म्हणतात, जे झालं ते लिही. घराचा निम्मा भार माझ्या पगारावर आहे हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, तरी म्हणतात.

वेळेवर जेव.
ताई

६ एप्रिल

ती. ताईस,
नमस्कार. त्यांना हवं ते लिहून दे. सूचना स्पष्टच होती. मी चौकशीत तसंच सांगितलं आहे: पुस्तिका आली होती, मी वाचली नाही, जुन्या जॅकेटासारखंच असणार असं धरून शिकवलं. चौकशीच्या साहेबांनी विचारलं की का वाचली नाही. वाचायचा कंटाळा नव्हता गं. पुस्तिका नवशिक्यांसाठी असते असं वाटायचं, आणि मी नवशिका नाही हे मला रोज सगळ्यांना दाखवायचं होतं.

माझा परवाना जाणारच आहे. तू तुझी नोकरी घालवून मास्तर परत येत नाहीत.
धाकटा

३ मे

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. तुझं ऐकलं नाही. तिघांची नावं, तारीख, माझी सही, सगळं लिहून दिलं, आणि चौकशीकडेही एक प्रत पाठवली. दुसऱ्या दिवशी माझं टेबल रिकामं करून घेतलं. जॅकेटं बाजारातून परत मागवत आहेत, मुठीवर आता सूचना छापणार म्हणे. आणखी दोन गावांतून अशाच तक्रारी आल्या होत्या, पण तिथली माणसं वाचली होती. ऐकून बरं वाटायला हवं होतं.

तुझं ओझं निम्मं माझं आहे. ते मी तुला एकट्याला उचलू देणार नाही.
ताई

२० मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

परवाना गेला. बर्फाच्या कारखान्यात काम मिळालं आहे, लाद्या मोजायचं. काल धीर करून मास्तरांच्या घरी गेलो. दोन खोल्या, भिंतभर वह्या. त्यांच्या पत्नीने पाणी दिलं, बसवलं. कंपनीचं सगळं त्यांना कळलं आहे, तुझंही. तुला नमस्कार सांगितला आहे.

मग त्यांनी एकच विचारलं. हे साधी गोळीसुद्धा सोबतचा कागद वाचल्याशिवाय घ्यायचे नाहीत; मग तुमच्याकडे त्यांनी पुस्तिका मागितली नव्हती का?

चौकशीत हे कोणी विचारलं नव्हतं. तुलाही मी लिहिलं नव्हतं. नाही म्हणालो असतो तर खपलं असतं. मी हो म्हणालो. पहिल्याच दिवशी, बोटीवर चढण्याआधी त्यांनी मागितली होती, आणि मी हसून म्हणालो होतो, कशाला मास्तर, मी आहे ना.

त्यांनी माझ्यापुढचा पेला उचलून आत ठेवला. मग म्हणाल्या की घरी आल्यावर ते हेच सारखं सांगायचे, तो आहे ना, मग मला भीती नाही. आणि पुन्हा येऊ नका म्हणाल्या, अगदी हळू.

बाहेर बराच वेळ उभा होतो. ताई, रविवारी तुझ्याकडे येऊ का? काही बोलायचं नाही, नुसतं बसायचं आहे.
धाकटा