जाळ्यात आलेला स्वेटर

आक्राजवळून, घाना, ६ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

नॉर्वेहून पाठवलेलं तुझं तपकिरी चीज पोचलं, वितळूनच. मी ज्या कोळ्याकडे राहतो, त्या नी ओकायच्या बायकोने, नादेदेईने, ते हुंगलं आणि हा कुठला साबण म्हणून विचारलं.

काल नी ओकायबरोबर जाळं ओढलं. मासे मूठभर, बाकी दोरखंडासारखे पिळलेले कपडे. त्यात एक निळा स्वेटर. कॉलरच्या आत लाल धाग्याने नाव: तोर्बोर्ग हाउगे! माझ्या मोज्यांवरसुद्धा नाव शिवणारी बाई जगात एकच. तुमचं महिला मंडळ गरिबांसाठी कपडे पाठवतं ना, ते इथे येतात. त्यातले निम्मे कुणी घेत नाही, ते नाल्यातून समुद्रात जातात. परदेशात नाव काढलंस, अभिनंदन.

लोभ उन्हात वितळत नाही, एवढं बरं.

तुझा आयविन

हेल्लेविक, २० फेब्रुवारी

चि. आयविन यास,
अ. उ. आ.

स्वेटर चांगला होता रे, फक्त कोपरावर विरला होता. टाकवेना, म्हणून दिला. कुणाला तरी ऊब मिळेल. तुमच्याकडच्या उकाड्यात ऊब हवीय कुणाला, हे तीस वर्षांत माझ्या डोक्यात आलं नाही. तू थट्टेने लिहिलंस, पण मला लागलं.

मंडळात पत्र वाचलं. मारगिट म्हणाली, गावाची शोभा होता कामा नये. ठराव झाला की एप्रिलमध्ये ट्रक भरण्याआधी सगळ्यांनी नावं उसवायची. मीही हात वर केला.

नी ओकायचं जाळं फाटलं का, कळव. आणि विमानाने जाऊन आम्हाला शहाणपण शिकवणाऱ्याने उन्हात टोपी घालावी.

रागावले तरी माया तेवढीच.

तुझी आत्या

आक्राजवळून, ५ मार्च

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

नावं उसवायची युक्ती ऐकून नी ओकाय पोट धरून हसला. म्हणाला, जाळ्याला कुठे वाचता येतं! जाळं फाटलंच. पाच दिवस तो किनाऱ्यावर बसून ते सांधत होता आणि घरात शेजाऱ्यांचे मासे शिजत होते.

गेल्या वर्षी त्याची पुढची खोली समुद्राने नेली. समुद्र चढतोय त्यात आपल्या देशाच्या तेलाचा आणि माझ्या विमानाचाही हात आहे, असं मी कबूल केलं. तो म्हणाला, मग बोलतोस काय, ओढ जाळं. ओढतोय.

नादेदेई मात्र रोज विचारते, तुझ्या आत्याला अंगं तरी किती आहेत? काय सांगू?

थट्टा पोटात घाल, लोभ वर राहू दे.

तुझा आयविन

हेल्लेविक, १८ एप्रिल

चि. आयविन यास,
अ. उ. आ.

ट्रक रिकामा परत गेला. तुझं पत्र वाचून मीच सभेत उभी राहिले आणि म्हटलं, ज्याने त्याने आपलं गाठोडं घरी न्यावं. मारगिट म्हणाली, द्यायला आम्हाला तूच शिकवलंस की. खरंच होतं. सगळ्यांसमोर रडू आलं. अकराजणींनी गाठोडी नेली, बाकीच्यांनी माझ्या दारात आणून टाकली. मारगिट अजून बोलत नाही. चाळीस वर्षांची मैत्रीण आहे रे ती, फार जड जातंय.

सध्या दिवसभर रफू करते. तुझ्यासाठी काही विणणार नाही, घाबरू नकोस.

एवढ्यावर लोभ टिकला तर टिकव.

तुझी आत्या

ता. क. नादेदेईला उत्तर द्यायचं राहिलं. कपाट उघडून मोजले. स्वेटर सव्वीस, अंग एकच. लाज वाटते, पण तिला जसंच्या तसं सांग.