साबण लावलास का?

मॅनिटोवॉक, विस्कॉन्सिन
मंगळवार, १४ ऑक्टोबर

प्रिय ब्रिटा,

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. तू लिहिलंस तसं तळघर रिकामं केलं. तुझ्या बाबांची बिअरची पिंपं, नऊच्या नऊ, धुऊन माझ्या गॅरेजात आणून ठेवली आहेत. तीन पिंपांवर अजून हार्लनच्या हातच्या चिठ्ठ्या आहेत, त्या मी काढल्या नाहीत. घर विकत घेणारं जोडपं तरुण आहे. तळघरातल्या त्या कोळशाच्या खोलीत ते लोणच्याच्या बरण्या ठेवणार म्हणे. मी म्हटलं, आधी या खोलीला एक झरोका पाडा. त्यांना वाटलं, म्हातारा ओलीबद्दल बोलतोय. मी पुन्हा सांगितलं, तेव्हा मुलगा हसून म्हणाला, बरं आजोबा, पाडतो. पुढच्या आठवड्यात जाऊन बघणार आहे पाडला का.

हार्लन आणि मी जहाजाच्या कारखान्यात अडतीस वर्षं नळ जोडले. निवृत्तीनंतर त्याने घरी बिअर करायला घेतली तेव्हा तू ओरेगॉनला गेली होतीस, म्हणून तुला ते दिवस माहीत नाहीत. पहिल्या वर्षी आम्ही बाटल्या भरायचो. एकदा जुलैच्या उकाड्यात सहा बाटल्या तुझ्या आईच्या, लॉर्नाच्या, फडताळात फुटल्या आणि तिचं पीठ, साखर, सगळ्याचा चिखल झाला.  तिने झाडू आणून हार्लनच्या हातात दिला. त्यानंतर पिंपं आली. शीतपेयवाल्यांनी टाकून दिलेली, स्टीलची, मांडीपर्यंत येणारी. तयार बिअर त्यात भरायची, झाकण बसवायचं आणि शेजारच्या सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड गॅस सोडायचा. थंडीत, बारा पौंडांच्या दाबाखाली, दोन आठवडे. तेवढ्यात गॅस बिअरमध्ये मुरतो. घाई असेल तर दाब वाढवून पिंप मांडीवर घेऊन हलवलं तरी एका दिवसात काम होतं. मी तसं करायला लागलो की हार्लन म्हणायचा, "अरे, बाळ आहे का ते, झुलवायला? ठेव खाली. त्याचं त्याला मुरू दे." पेला तिरका धरून, फेस दोन बोटं ठेवून तो बिअर काढायचा आणि पहिला पेला स्वतः न पिता माझ्यापुढे सरकवायचा. कारखान्यात त्याने कुणाला एक स्क्रूसुद्धा उसना दिला नव्हता, हे तुला सांगायला नको.

पिंपांना गारवा हवा म्हणून त्याने ती कोळशाची खोली निवडली. भिंतींच्या फटी बुजवल्या, दाराला चौफेर रबर लावलं, दार आपोआप मिटावं म्हणून स्प्रिंग बसवली. मीच हात लावला सगळ्याला. जहाजाच्या टाकीत उतरण्याआधी आम्ही दोघं आतली हवा तपासायचो. एकदाही चुकलो नाही. पण घरातल्या खोलीचं काही मनातच आलं नाही. घर म्हणजे घर, असं वाटलं.

अजूनही मी बिअर करतो. सोडली असती तर लोकांनी कारण विचारलं असतं. घरी बिअर करणाऱ्यांच्या आमच्या मंडळाची महिन्यातून एकदा बैठक असते, पिंप घेऊन जातो, पेले भरून देतो. पण सिलिंडरची चावी फिरवली की पाठीमागून हार्लनचा आवाज येतो. मी कल्पना करतो असं म्हणू नकोस. जिन्याच्या वरच्या पायरीवरून हाक मारल्यासारखा, थोडा घोगरा, कानात स्पष्ट येतो. "साबण लावलास का?" मग मी साबणाचं पाणी करून सांध्याला लावतो, गॅस गळून बुडबुडे येतात का बघतो. पुसतो, पुन्हा लावतो. तीन तीन वेळा. बोटांची सालं निघाली आहेत. मंडळातला रस्टी परवा सगळ्यांसमोर म्हणाला, "वेंडेल, तू बिअर पाजणार आहेस की आंघोळ घालणार आहेस?" सगळे हसले. मीही हसलो. गाडीत बसण्याआधी मात्र सांध्याला पुन्हा एकदा साबण लावला.

तो प्रश्न त्याने खरोखर विचारला होता, ब्रिटा. नऊ वर्षांपूर्वी, नोव्हेंबरमध्ये, एका शनिवारी दुपारी. त्याचा गुडघा सुजला होता म्हणून तो म्हणाला, सिलिंडर संपलाय, खाली जाऊन नवा जोडशील का? मी गेलो. सिलिंडर बदलला की सांध्यातलं वॉशर नवं घालायचं असतं. नाण्याएवढी पांढरी चकती. ती माझ्या बोटांतून निसटली आणि पिंपांखाली घरंगळत गेली. वर टीव्हीवर सामना सुरू झाला होता. पिंपं सरकवायचा, वाकायचा कंटाळा आला. जुनंच वॉशर पुन्हा बसवलं आणि पाना आवळला. वरून हार्लनने विचारलं, "साबण लावलास का?" मी म्हटलं, "लावला."

लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी अकराला मी आलो तेव्हा लॉर्ना चर्चमध्ये होती. हाक मारली, उत्तर आलं नाही. तळघरात उतरलो, कोळशाच्या खोलीचं दार उघडलं आणि नाकात झणका गेला, सोडा नाकात चढल्यासारखा.  तो पिंपांपाशी कुशीवर पडला होता. हातातला पेला फुटलासुद्धा नव्हता. मी श्वास रोखून त्याला कॉलरला धरून जिन्यापर्यंत ओढत आणलं, तोंडात हवा भरली, छाती दाबली, वर जाऊन अँब्युलन्सला फोन केला. परत आलो, पुन्हा छाती दाबली. तो थंड होता, ब्रिटा. मला ते ओढतानाच कळलं होतं.

आता सांगतो ते आजवर कुणाला सांगितलं नाही. अँब्युलन्स यायला अवकाश होता. मी वरची दारं-खिडक्या उघडल्या, खालचं दार उघडून खुंटी लावली. मग श्वास रोखून आत गेलो, सिलिंडर सोडवला आणि माझ्या ट्रकमध्ये नेऊन ताडपत्रीखाली ठेवला. सिलिंडर रिकामा होता. आदल्या दिवशीच भरलेला जोडला होता. वॉशरला आडवी चीर होती, सगळा गॅस त्या बंद खोलीत गळून गेला होता. हार्लन एकाहत्तरचा, आधी एकदा हृदयाचा त्रास झालेला. आलेल्या माणसांनी मला विचारलं, काय झालं? मी म्हणालो, छातीत दुखतंय म्हणाला होता काल. तेही खोटं. डॉक्टरांनी पुढे काही पाहिलं नाही. लॉर्नाला धक्का बसू नये म्हणून केलं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. पण सिलिंडर उचलताना लॉर्ना माझ्या मनात नव्हती. मी भ्यालो होतो, एवढंच.

तुझी आई मात्र दर रविवारी मला जेवायला बोलवत राहिली. हार्लनच्या पिंपाच्या नळाने स्वतः पेला भरून द्यायची. तिला कधी जमलं नाही, अर्धा फेसच असायचा. ऑगस्टमध्ये हॉस्पिटलात शेवटचा भेटलो तेव्हा माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तू तिथे होतास, वेंडेल. तो एकटा नाही गेला. मला त्याचा फार आधार वाटतो." मी मान हलवली. तिथेच सांगायला हवं होतं. तिला सुखाने जाऊ दिलं असं म्हणू, की तेव्हाही भ्यालो असं म्हणू, मला ठरवता येत नाही.

तुला हे लिहिण्याचं धाडस मात्र तुझ्याच पत्राने दिलं. तळघराच्या, पिंपांच्या गोष्टी लिहून झाल्यावर सहीच्या खाली तू बारीक अक्षरात लिहिलं आहेस, की त्या शनिवारी संध्याकाळी तू बाबांना फोनवर म्हणालीस, 'तुमचं तोंड पुन्हा बघणार नाही', आणि फोन आपटलास. दुसऱ्या दिवशी त्यांचं हृदय बंद पडलं आणि नऊ वर्षं तू ते कुणाला बोलली नाहीस. मी ती ओळ स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचली आणि खाली बसलो. तुझा फोन त्याच्या हृदयाला लागला नाही, ब्रिटा. तो हृदय बंद पडून गेला नाही. माझ्या हाताने आणि माझ्या एका शब्दाने तो गेला. आज सकाळी मी कोर्टाच्या इमारतीत जाऊन शेरीफच्या माणसाला हे सगळं सांगून, सही करून आलो. तुझ्याकडे विचारणा येईल, दचकू नकोस. आणि एक राहिलं. त्या रविवारी सकाळी आठला हार्लनने मला फोन केला होता. म्हणाला, "काल पोरीनं फोन आपटला माझ्यावर. बरोबर केलं तिनं, माझ्या जिभेला हाड नाही. आज तिला फोन करून माफी मागायचीय. तू अकराला ये आणि माझ्यासमोर बस, नाहीतर मी परत भांडेन." त्याची माफी तुझ्यापर्यंत पोचवायची राहून गेली होती. ती ही. माझी मी मागत नाही.

तुझाच,
वेंडेल