कूलरच्या टाकीसाठी बोर्ड

६ मे, मंगळवार
सुमनला घरी आणलं. खुब्याचं ऑपरेशन ठीक. महिनाभर आपलं आपण उठायचं नाही. मला पुढच्या मंगळवारी पेपरात दुपारपाळीला रुजू व्हायचंय. तीन तासांत कूलरची टाकी आटते, मग खोलीत नुसत्या झळा, आणि बायको एकटी. पाणी कमी झालं की शेजारच्या शोभाताईंच्या आणि माझ्या फोनवर निरोप यायला हवा. सात दिवस. याहून कमी वेळात पुरवण्या काढल्यात.

७ मे
तीन बोर्ड, म्हणजे प्रोग्रॅम घालता येणारे तळहाताएवढे सर्किट, टेबलावर. उनो: दणकट, पाच व्होल्ट, माझ्या चुका पोटात घालणारा. वायफाय नाही. पिको: स्वस्त, आटोपशीर. माझ्याकडचा बिनवायफायचा. ईएसपी३२: वायफाय अंगचंच, पिना मात्र ३.३ व्होल्टच्या, जपावं लागतं. बॅटरी जास्त खातो म्हणून अडलो होतो. प्रेसचे जुने वायरमन मडावी म्हणाले, "घरातच लावाचा न? मंग बॅटरीची काळजी काहून करता गा?" खरंच की. ईएसपी.

८ मे
टाकीत दोन तारा सोडल्या. तारांमध्ये पाणी नसलं की निरोप. दहा चाचण्या, दहाही बरोबर. पलंगावरून सु.: "लग्नाआधी माह्या एवढा अभ्यास केला होता काय?" हसली, खुबा दुखला, थांबली. पण हसली.

१० मे
टाकी भरलेली, तरी चार निरोप. शोभाताई चारदा बादली घेऊन आल्या. कुरकुर नाही. दिवसभर कोड चाळला. त्याच तारा उनोला लावून निरोपाऐवजी दिवा जोडून पाहिला, तरी तेच. म्हणजे बोर्डाचा दोष नव्हे. मग...

११ मे
मडावी आले. कोड पाहिलाच नाही. टाकीत बोट बुडवून चोळलं. "तेल हाये."
डास होऊ नयेत म्हणून शोभाताईंनी परवा दोन चमचे टाकलं होतं. दर उन्हाळ्यात टाकतोच की, आम्हीही. तारांवर थर बसला, पाणी असूनही त्यांना लागेना. "मले विचारलं असतं तं सांगितलं असतं," त्या ओशाळून म्हणाल्या. विचारायचं मलाच सुचलं नव्हतं. सु.ला दोन दिवस डास चावला नाही तो त्यांच्यामुळे.
मडावींनी तारा काढून पाण्यावर तरंगणारा साधा स्विच बसवला. तिन्ही बोर्डांवर बिनचूक. चहाशिवाय काही घेतलं नाही. अशी माणसं आहेत म्हणून...

१३ मे, मंगळवार
कामावर. साडेबाराला निघालो, टाकी काठोकाठ. सु.नं बजावलं, "मी झोपून राहीन. चारच्या आत फोन केला तं पहा."
पावणेचार. तीन तास उलटून गेले, निरोप नाही. पाणी पुरलं असेल, शोभाताईंनी आधीच भरलं असेल, किंवा वायफाय गेलं असेल. तिन्हींत फोन असाच गप्प राहणार. टाकी भरली आहे, असाही निरोप हवा होता. हे मला आत्ता सुचतंय.
पान दोनचा मजकूर समोर आहे. तिसऱ्यांदा तीच ओळ वाचतोय. अजून पंधरा मिनिटं.